गल्लीतली पडीक जागा मिळून सुधारायची आहे? सुरुवात इथून करा

नाल्याकडेची कचऱ्याने भरलेली पट्टी, दिवा बंद असलेला बोळ, गज उपटलेली छोटी बाग, नावापुरता उरलेला पदपथ. प्रत्येक वस्तीत अशी एक तरी जागा असते आणि तिच्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं. ते म्हणणं एकत्र आणून महापालिकेकडून काम करून घेणं आणि पुढची वर्षं ती जागा टिकवणं सामान्य रहिवाशांना जमतं. मात्र त्यासाठी तक्रारीच्या पलीकडचा एक प्रकार शिकावा लागतो. रहिवासी, जागा वापरणारे, नगरसेवक आणि वॉर्ड ऑफिस यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचे आणि जबाबदारीही वाटून घ्यायची, असा तो प्रकार आहे.

इथे लिहिलेलं मुख्यतः पुणे आणि मुंबईच्या पद्धतींवर आधारलेलं आहे. नाशिक, कोल्हापूर, ठाणे किंवा सोलापुरातही बरंचसं तसंच लागू पडेल. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, बाकीच्या शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आहे. टेबलांची आणि अधिकाऱ्यांची नावं थोडी बदलतात, कागदाचा प्रवास फारसा बदलत नाही.

माझं एक मत आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. जागा कोण सांभाळणार हे ठरल्याशिवाय तिथे कुदळ पडू देऊ नये. आपल्या शहरांत नव्या कामांचे नारळ भरपूर फुटतात. तिसऱ्या वर्षी त्या बाकाचा तुटलेला पाय कोण बसवणार, हे मात्र कोणालाच माहीत नसतं.

पायरी १: जागा छोटी निवडा आणि ती कोणाची आहे ते शोधा

पहिल्या कामासाठी एकच जागा घ्या. एक चौक, शंभर-दोनशे मीटरचा एक रस्ता किंवा एक मोकळा तुकडा पुरेसा आहे. 'आमचा प्रभाग सुंदर करू' असं म्हणून सुरू झालेले गट दुसऱ्या बैठकीनंतर विरतात, कारण कोणाला नेमकं काय करायचं ते कळत नाही.

मग मालकीकडे वळा. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण ती टाळतात आणि सहा महिन्यांनी तिथेच अडकतात. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. महापालिकेच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीमध्ये, त्या जागेवर काय दाखवलंय ते पाहा. रस्ता, बाग, शाळेचं आरक्षण, की काहीच नाही? साधी मोकळी दिसणारी जागा म्हाडाची, रेल्वेची, सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा जलसंपदा खात्याची निघू शकते. मग वॉर्ड ऑफिसला कितीही पत्रं दिली तरी 'ही जागा आमच्या ताब्यात नाही' एवढंच उत्तर येत राहतं.

सर्वांत जास्त फसवणारा प्रकार म्हणजे लेआउटमधली, म्हणजे मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडलेल्या भागातली, मोकळी जागा. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाचा लेआउट करताना साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती पाहून ही महापालिकेची बाग आहे असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती त्या लेआउटमधल्या प्लॉटधारकांच्या सामाईक हक्काची असू शकते. तसं असेल तर महापालिका तिथे सरळ खर्च करू शकत नाही. आधी प्लॉटधारकांची संमती आणि जागेच्या हस्तांतराचा विषय मिटवावा लागतो. पहिल्याच कामासाठी अशी जागा शक्यतो घेऊ नका.

पायरी २: जागा चालून पाहा, वेगवेगळ्या वेळी

कागद हातात आल्यावर जागेवर जा. एकदा पहाटे, एकदा भर दुपारी, एकदा शाळा सुटताना आणि एकदा रात्री जेवणं झाल्यावर. ही एकच जागा दिवसातून चार वेळा चार माणसांची असते. पहाटे सफाई कामगार तिथे झाडू टेकवून चहा पितात. दुपारी रिक्षावाले सावलीला थांबतात. संध्याकाळी भाजीची हातगाडी लागते आणि पोरं क्रिकेट खेळतात. रात्री अंधार असेल तर बायका तो रस्ता सोडून लांबून जातात. आराखडा काढणाऱ्याने फक्त रविवारी सकाळी जागा पाहिली असेल, तर त्याच्या कागदावर यातलं काहीच येत नाही.

बरोबर साधी वही ठेवा. पायाने अंतर मोजा, हाताने नकाशा काढा. किती दिवे आहेत, त्यातले किती बंद? पावसाळी गटाराची तोंडं कुठे आहेत, ड्रेनेजची झाकणं कुठे? झाडं किती? झाडांची नोंद जपून करा. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि पन्नास वर्षांपुढच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने 'वारसा वृक्ष' म्हणून वेगळं संरक्षण आहे. कंत्राटदार 'मुळं आड येतात' म्हणू लागला की तुमची ही नोंद उपयोगी पडते.

मग माणसांशी बोला. 'इथे काय हवं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी बाकं आणि ओपन जिम असंच येतं. त्याऐवजी विचारा, 'तुम्ही इथे कधी येता, कशासाठी येता, काय अडचण होते?' पाणी तुंबतं, रिक्षा वळत नाही, गुडघे दुखतात म्हणून कठडा धरून उतरावं लागतं, अशी उत्तरं मिळतील. काम त्यातूनच सापडतं.

पायरी ३: गट बांधा, आणि आपल्यासारखे नसणारे आधी बोलवा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण असे बहुतेक प्रयत्न याच टप्प्यावर बिघडतात आणि ते फार उशिरा लक्षात येतं.

मुंबईचं उदाहरण घेऊ. नव्वदच्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी गल्लीचा कचरा आणि देखभाल आपल्या अंगावर घेतली. त्यातून महापालिकेने एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, ही योजना उभी केली. एका गल्लीतल्या लोकांनी समिती करायची, ओला-सुका कचरा वेगळा करायचा, वॉर्ड ऑफिसच्या अधिकाऱ्यांशी नियमित बैठका घ्यायच्या, असं तिचं साधं रूप होतं. शहरभर अशा समित्या झाल्या. काही गल्ल्या खरोखर पालटल्या. वॉर्ड ऑफिसर नागरिकांना ठरलेल्या वेळी भेटतो ही सवयही पडली. मात्र या समित्यांवर एक टीका वारंवार झाली आणि ती मला रास्त वाटते. मालकीच्या फ्लॅटमध्ये राहणारे मध्यमवर्गीय लोक समितीत बसले. शेजारची झोपडपट्टी, भाडेकरू आणि फेरीवाले बाहेर राहिले. मग 'परिसर सुधारणा' म्हणजे पुष्कळदा फेरीवाला हटवणं एवढाच अर्थ झाला. आपल्या गल्लीत ते व्हायला नको असेल, तर गट बांधतानाच काळजी घ्यावी लागते.

म्हणून पहिल्या बैठकीला सोसायटीचे सेक्रेटरी येतीलच, त्यांची चिंता नको. तुम्ही स्वतः जाऊन बोलवायचं ते हातगाडीवाल्याला, इस्त्रीवाल्याला, आरोग्य कोठीवरच्या (सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागेवरच्या) मुकादमाला, कचरावेचक ताईंना, वॉचमनला, घरकाम करणाऱ्या बायकांना, जवळच्या बचत गटाला आणि गणेश मंडळाच्या पोरांना. मंडळाला वगळून वस्तीत काही टिकत नाही. ती मुलं मांडव घालतात तशी राखणही करतात. पुण्यात असाल तर 'स्वच्छ'च्या सभासदांशी नक्की बोला. कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, तिच्यातून ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये दारोदार कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेशी तिचा करार झाला. गल्लीत कोणता ढीग कुठून येतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

बैठक जागेवरच घ्या. सोसायटीच्या हॉलमध्ये घेतलीत तर हातगाडीवाला दारातूनच परत जातो. वेळ अशी ठेवा की कामावरून परतलेल्या बायकांना येता येईल. म्हणजे संध्याकाळी सहा नाही, आठ-साडेआठ. कोणी आधी बोलायचं हे ठरवून घ्या. माझा आग्रह असतो की त्या जागेवर पोट असणाऱ्यांनी आधी बोलावं आणि तिथे राहणाऱ्यांनी नंतर. क्रम उलटा ठेवला तर पहिल्या दहा मिनिटांत मोठ्या आवाजाचे चार लोक सगळं ठरवून टाकतात.

सुरुवातीला संस्था नोंदवायची घाई नको. नोंदणी, लेखापरीक्षण आणि धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या यांत वर्ष जातं. पैसा महापालिकेच्याच अंदाजपत्रकातून खर्च होणार असेल तर तुम्हाला बँक खातं लागतच नाही. वर्गणी नसली की संशयही नसतो. एक इतिवृत्ताची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. तारीख, हजर लोक, काय ठरलं, कोणाचा विरोध होता आणि का, हे सगळं त्यात यावं. विरोध लिहून ठेवला की विरोध करणारा पुढच्या बैठकीलाही येतो.

पायरी ४: महापालिकेत कोणाला गाठायचं

नवखी माणसं थेट आयुक्तांना पत्र लिहितात. ते पत्र चार टेबलं उतरून शेवटी कनिष्ठ अभियंत्याकडेच येतं आणि तोवर तो दुखावलेला असतो. सुरुवात त्याच्यापासून करा. त्याला जागेवर बोलवा, तुमचा हाताने काढलेला नकाशा दाखवा. पदपथ आणि डांबरीकरण पथ विभागाकडे, चेंबर मलनिस्सारणाकडे, दिवे विद्युत विभागाकडे, झाडं आणि बाग उद्यान विभागाकडे, कचरा घनकचरा विभागाकडे, असं काम वाटलेलं असतं. एका चौकात हे पाचही विभाग येतात आणि ते एकमेकांशी फार कमी बोलतात. क्षेत्रीय कार्यालयाच्या, म्हणजे वॉर्ड ऑफिसच्या, सहायक आयुक्तांकडून तुम्हाला मागायची आहे ती एकच गोष्ट: सगळ्या विभागांचे लोक एकाच वेळी जागेवर येतील अशी संयुक्त पाहणी. पेव्हर ब्लॉक बसवून झाल्यावर केबलसाठी ते उखडण्याचा प्रकार या एका पाहणीने बराच टळतो.

नगरसेवकाला पहिल्या महिन्यातच भेटा, काम ठरल्यानंतर जाऊ नका. तो निवडून आलेला प्रतिनिधी आहे, निधीवर त्याचा शब्द चालतो, आणि त्याला डावलून केलेलं काम पुढच्या निवडणुकीनंतर अनाथ होतं. श्रेयाचा प्रश्न येईल. फलकावर त्याचं नाव असू द्या. निर्णय कुठे झाला हे तुमच्या वहीत लिहिलेलं आहेच.

कायद्यातल्या काही जागाही माहीत असाव्यात. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या, म्हणजे प्रभाग समित्या, बंधनकारक केल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २९अ नुसार या समितीवर त्या भागात सामाजिक काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे कमाल तीन सदस्य नेमता येतात. या तीन जागा कोणाकडे आहेत ते विचारा. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेचीही तरतूद केली. गावच्या ग्रामसभेसारखी, काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची ही सभा असते. कागदावर ती सुंदर आहे. प्रत्यक्षात बहुतेक शहरांत ती भरतच नाही. तरी आपल्या नगरसेवकाकडे ती भरवण्याची लेखी मागणी करावी. मागणीच झाली नाही तर ती तरतूद पुस्तकातच राहील.

पायरी ५: पैसा, आणि त्याचं वेळापत्रक

पुण्यात राहत असाल तर सहभागी अंदाजपत्रक हा सर्वांत सोपा रस्ता आहे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झालेली ही कल्पना पुणे महापालिकेने २००६ मध्ये उचलली आणि २००७-०८ च्या अंदाजपत्रकापासून राबवली. नागरिकांनी आपल्या भागातलं छोटं काम अर्जावर सुचवायचं, क्षेत्रीय कार्यालयाने ते तपासायचं, प्रभाग समितीने निवड करायची आणि ते पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात यायचं, असा क्रम आहे. एका कामासाठी पाच लाखांपर्यंतची मर्यादा पाळली जात आली आहे. त्या वर्षीच्या जाहीर सूचनेत ती तपासून घ्या. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास घेतले जातात आणि मुदत छोटी असते. म्हणून जागेची पाहणी आणि बैठका पावसाळ्याच्या आत उरकायला हव्यात. गणपतीत कोणाला वेळ नसतो.

पाच लाखांत काय होतं असं विचाराल, तर एका चौकाच्या कोपऱ्यावर पदपथाची दुरुस्ती, उतार, दोन-तीन बाकं आणि थोडे दिवे होतात. सबंध रस्ता होत नाही. अर्ज नाकारले जाण्याची कारणंही ठरलेली आहेत: जागेचा नेमका पत्ता नाही, जागा खासगी आहे, काम मोघम लिहिलंय, किंवा ते भांडवली नसून देखभालीचं आहे. 'रस्ता सुधारावा' असं लिहू नका. 'अमुक दुकानापासून तमुक बसथांब्यापर्यंत, साठ मीटर लांब, उजव्या बाजूचा पदपथ समतल करणे आणि दोन ठिकाणी उतार देणे' असं लिहा. सोबत फोटो आणि मिळकत पत्रिकेची प्रत जोडा. एकाच कामासाठी पन्नास जणांनी पन्नास प्रकारे अर्ज भरण्यापेक्षा एकच नीट अर्ज भरून त्याला सह्या जोडलेल्या बऱ्या.

इतर शहरांत नगरसेवकांच्या सुचवणीची कामं हा मार्ग आहे. पुण्यात त्याला 'स' यादी म्हणतात. आमदार निधीही असतो. कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल, मी सावध आहे. पैसा पटकन येतो, फलक मोठा लागतो, आणि तीन वर्षांनी कंपनी दुसरीकडे जाते. घ्यायचाच असेल तर देखभालीसाठी घ्या, बांधकामासाठी नको.

पायरी ६: पक्कं करण्याआधी कच्चं करून पाहा

सिमेंट एकदा ओतलं की मत बदलता येत नाही. म्हणून आधी खडूने, चुन्याने, रिकाम्या पिंपांनी आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांनी आराखडा जमिनीवर मांडा. पदपथ रुंद केला तर कचऱ्याची गाडी वळते का? बाक इथे ठेवलं तर खालच्या मजल्यावरच्या घरात रात्री आवाज जातो का? पुण्यात औंधमधल्या रस्त्याची फेररचना कायमची करण्याआधी २०१६ मध्ये तात्पुरते अडथळे आणि रंगाच्या खुणा वापरून अशी चाचणी झाली होती. गल्लीत तर ती एका शनिवार-रविवारी होते. वाहतूक अडणार असेल तर वाहतूक पोलिसांना आधी कळवा.

या पायरीचं याहून जिवंत उदाहरण येरवड्याचं आहे. शहरं सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेखाली शहरी गरिबांसाठी घरांचा जो भाग होता, त्यात पुणे महापालिकेने येरवड्याच्या काही वस्त्या जागेवरच सुधारायला घेतल्या. कोणालाही शहराबाहेर हलवायचं नाही, पक्की घरं तशीच ठेवायची, फक्त कच्ची घरं त्याच जागी नव्याने बांधायची, असं ठरलं. नेताजीनगर, शीला साळवेनगर, भाटनगर यांसारख्या वस्त्यांत 'महिला मिलन' या वस्त्यांतल्या बायकांच्या बचत संघटनेने घरोघरी मोजणी केली. वास्तुविशारदांनी घरांचे काही प्रकार काढले आणि ते कागदावर न दाखवता कापडाचं खऱ्या मापाचं घर उभं करून दाखवलं. २७० चौरस फूट म्हणजे किती, मोरी कुठे येईल, जिना आतून की बाहेरून, हे बायकांनी त्यात उभं राहून ठरवलं. घराचा खर्च तीन लाखांच्या आसपास धरला होता आणि त्यातला दहा टक्के वाटा कुटुंबाने द्यायचा होता. काही कुटुंबांनी शेजाऱ्यांबरोबर जागा एकत्र करून सामाईक घरं घेतली, त्यामुळे बोळात थोडी मोकळी जागा निघाली. अडचणीही होत्या. बांधकाम होईतो भाड्याने राहायचा बोजा कुटुंबांवर पडला आणि गरिबाच्या घरात तो मोठा असतो. पण जुना शेजार मोडला नाही. गरिबांच्या पुनर्वसनात सहसा सगळ्यात आधी तोच मोडतो.

तुमचं काम याच्या शतांशाइतकंच असेल. तरी खऱ्या मापात दाखवणं आणि वापरणाऱ्याने त्यात उभं राहून ठरवणं, हे एका बाकालाही लागू आहे.

पायरी ७: सांभाळण्याचा करार

इटलीतल्या बोलोन्या शहराने २०१४ मध्ये एक नियमावली केली. तिच्यानुसार नागरिकांचा गट आणि महापालिका एखाद्या बागेसाठी, चौकासाठी किंवा रिकाम्या इमारतीसाठी लेखी सहकार्य करार करतात. कोण काय करणार, किती काळ, महापालिका काय पुरवणार आणि नुकसान झालं तर कोण भरणार, हे त्यात असतं. आपल्याकडे त्यासाठी तशी नियमावली नसली तरी सहायक आयुक्तांच्या पत्रावर आणि बैठकीच्या सही केलेल्या इतिवृत्तावर पुष्कळ काही बांधून घेता येतं.

आणि आपल्याकडेही याचा मोठा अनुभव आहेच. मुंबईत १९९७ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम झाला. त्यात वस्तीने आधी आपली समिती करायची आणि प्रौढ माणशी शंभर रुपये, कुटुंबाला जास्तीत जास्त पाचशे, अशी वर्गणी जमवायची. मगच महापालिका शौचालय बांधणार आणि करारानुसार ते चालवायला समितीकडे देणार. अनेक ठिकाणी वरच्या मजल्यावर राखणदाराला खोली दिली होती. म्हणजे देखभालीची सोय नकाशातच होती. अशी तीनशेहून जास्त शौचालयं उभी राहिली. जिथे समिती खरोखर वस्तीची होती तिथे ती चांगली चालली. जिथे वर्गणी एखाद्या पुढाऱ्याने किंवा कंत्राटदाराने भरून टाकली, तिथे समिती नावालाच राहिली आणि शौचालय खासगी धंद्यासारखं चालू लागलं. तुमच्या गल्लीतही कोणी 'मी सगळं बघतो' म्हणाला, तर त्याचे आभार मानून काम चौघांत वाटा.

करारात लिहायचं ते असं. झाडलोट कोणाची, किती वेळा. झाडांना पाणी कुठून, कोण घालणार. दिवा गेला तर कोणी कोणाला कळवायचं. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आणि जागा किती वाजता उघडायची. मांडवासाठी खड्डे कुठे घेता येतील आणि कुठे नाही. मोठी दुरुस्ती, वीजबिल आणि पाणीबिल महापालिकेकडेच राहू द्या. उत्साहाच्या भरात गट ते अंगावर घेतात आणि वर्षभरात थकतात. कराराला मुदत घाला. दोन वर्षं पुरे, मग पुन्हा बसून ठरवावं.

पायरी ८: काम चालू असताना

कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा आदेश, निघाला की त्याची आणि एस्टिमेटची (खर्चाच्या अंदाजाची) प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत असते. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. त्याआधी आणखी एक सोपा मार्ग वापरून पाहा. २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता यावेत, अशी सोय आहे. फाईल समोर बसून वाचली की अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

एस्टिमेटमध्ये जाडी, लांबी, मालाचा दर्जा लिहिलेला असतो. रोज दोघांनी जागेवर जाऊन तो पडताळा. कंत्राटदाराच्या माणसांशी भांडू नका. मोजमाप चुकतंय असं वाटलं तर फोटोसह कनिष्ठ अभियंत्याला कळवा. तोच मोजमाप पुस्तकात नोंद करतो आणि त्या नोंदीवर बिल निघतं. दोष दायित्व कालावधी किती आहे हेही पाहून ठेवा. त्या काळात फरशी उखडली तर कंत्राटदाराने ती फुकट बसवून द्यायची असते, आणि बहुतेक वस्त्यांत हे कोणालाच माहीत नसतं.

वाद होतील, त्यांची तयारी

फेरीवाल्याचा प्रश्न पहिला. २०१४ चा पथविक्रेता कायदा हातात ठेवा. त्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि शहराच्या पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असतात. चौकाच्या आराखड्यात हातगाडीसाठी आखलेली जागा, पाण्याचा नळ आणि कचऱ्याचा डबा दिलात, तर तोच माणूस तुमचा दिवसभराचा राखणदार होतो.

पार्किंग दुसरं. त्यावर तोडगा बैठकीत क्वचित निघतो. पायरी सहामधल्या कच्च्या चाचणीत मात्र निघतो, कारण गाड्या थोड्या पलीकडे लावूनही दिवस जातो हे लोकांना दिसतं.

तिसरा वाद नाजूक आहे. मोकळी केलेली जागा नीटनेटकी झाली की तिथे एखादं छोटं देऊळ, दर्गा किंवा पुतळ्याचा चौथरा उभा राहायची चर्चा सुरू होते. सार्वजनिक जागी नवं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाचे २००९ चे आदेश आहेत. ते पहिल्याच बैठकीत, कोणाचाही प्रस्ताव नसताना, वाचून इतिवृत्तात घ्या. नंतर वाचले तर ते एखाद्या समाजाविरुद्ध वाचल्यासारखे होतात.

दुसऱ्या वर्षात शिरताना

काम झाल्यावर गट दर महिन्याला जमला नाही तरी चालेल, दर तीन महिन्यांनी जमावा. त्यातली एक बैठक मे महिन्यात असू द्या, म्हणजे पावसाआधी गटाराची तोंडं साफ झाली की नाही हे पाहता येतं. सहायक आयुक्त आणि कनिष्ठ अभियंता यांच्या बदल्या होतात. २०२२ नंतर तर राज्यातल्या अनेक महापालिका बराच काळ प्रशासकांच्या हाती होत्या आणि दाद मागायला नगरसेवकही नव्हते. अशा वेळी फाईलच तुमची ओळख असते. तिच्यात मिळकत पत्रिका, हाताने काढलेला नकाशा, इतिवृत्तं, संयुक्त पाहणीचं पत्र, एस्टिमेट, कार्यादेश, देखभालीचा करार आणि आधीचे-नंतरचे फोटो असावेत. नवा अधिकारी आला की पहिल्या आठवड्यात ती घेऊन त्याला जागेवर भेटा. फाईलची एक प्रत गटातल्या सर्वांत तरुण सदस्याकडे द्या आणि पुढच्या अर्जावर पहिली सही तिला किंवा त्याला करू द्या.